बारा-नऊचा मास्तर

अकरावीच्या मुलांना मी प्रत्यास्थता शिकवतो. तार ताणली की लांब होते, सोडली की मूळ जागी येते, आणि फारच ताणली तर मूळ जागी यायचं सोडून देते, हे फळ्यावर आलेखासकट काढून दाखवण्यात माझी उमेद खर्च झाली आहे. हूकचा नियम मला झोपेतही म्हणता येतो, सौ. म्हणते की मी म्हणतोही. इतकं असून ज्याच्या स्वतःच्या गाडीचा बोल्ट ताणून, वाकून, शेवटी तुटून रस्त्यावर पडला, असा मुलचेरा तालुक्यातला पहिला भौतिकशास्त्राचा शिक्षक मीच असावा. दुसरा कोणी असेल तर त्याने ही गोष्ट माझ्यापेक्षा चांगली लपवली आहे.

मुलचेरा हे गडचिरोली जिल्ह्यातलं तालुक्याचं ठिकाण. १९८२ साली गडचिरोली वेगळा झाला, तोवर हा सगळा मुलूख चंद्रपूर जिल्ह्यात होता. गाडीच्या सुट्या भागांच्या बाबतीत तो अजूनही चंद्रपुरातच आहे. पार्ट हवा असला की लगामला मोठ्या रस्त्याला लागायचं, लोहखनिजाच्या ट्रकांच्या रांगेतून आष्टी गाठायची, वैनगंगेचा पूल ओलांडायचा, गोंडपिपरी मागे टाकून चंद्रपुरात शिरायचं आणि दुकानदाराने ‘उद्या येईल’ म्हटलं की त्याच वाटेने परत यायचं. म्हणून इथला माणूस पार्ट बदलत नाही. तो पार्टाची समजूत काढतो.

माझी गाडी एका निवृत्त होणाऱ्या सहकाऱ्याकडून घेतलेली. जपानी घराण्यातली, छोटी, रंगाने कधीकाळी पांढरी. तिचा बेल्ट किंचाळू लागला तेव्हा मी मिस्त्रीकडे जायला हवं होतं. पण मोबाइलवर एक गृहस्थ हसतमुखाने तोच बेल्ट ताणून दाखवत होते, आणि त्यांच्या मनगटावरचं घड्याळसुद्धा तेलकट झालं नव्हतं. या गाडीत एकच बेल्ट पाण्याचा पंप आणि अल्टरनेटर दोघांनाही फिरवतो. अल्टरनेटर खालच्या एका लांब बोल्टावर झुलतो. तो आणि वरचा बोल्ट सैल करायचा, अल्टरनेटर मागे ओढायचा, बेल्ट ताठ झाला की दोन्ही आवळायचे. गृहस्थांनी ‘सैल करा’ म्हटलं होतं. मी खालचा काढलाच. काढलेला बोल्ट हातातून निसटला, बंपरवर एकदा वाजला आणि घरासमोरच्या नालीत गेला. पावसाळा सरत आला होता, नाली तुडुंब होती. गेल्या बोल्टाला हात जोडून मी हार्डवेअरच्या दुकानात गेलो.

‘‘चौदा नंबरचा बोल्ट द्या.’’

‘‘चौदा नंबर पान्याचा का चौदा एमएमचा?’’

व्हर्निअर कॅलिपर शिकवणाऱ्या माणसाला हा प्रश्न अपमानास्पद वाटला. ‘‘चौदा म्हणजे चौदा,’’ मी म्हणालो. त्याने मुकाट्याने एक बोल्ट काउंटरवर ठेवला. त्यावर ट्रॉली टांगता आली असती. मग त्यानेच मला समजावलं. पान्याचा नंबर हा बोल्टाच्या डोक्याचा, अंगाचा नव्हे. दहा मिलिमीटरचा बोल्ट जपानी गाडीत चौदाच्या पान्याला लागतो, इतरत्र सोळाच्या, आणि जुना माल असेल तर सतराच्या. हे ज्ञान मला कोणत्याही पदवीने दिलं नव्हतं. अंगठा आणि तर्जनी जवळ आणून मी जाडी दाखवली. त्याने माझ्या बोटांकडे पाहिलं, डब्यात हात घातला आणि ‘तीन सूती’ बोल्ट काढला. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. तीन सूत म्हणजे साडेनऊ मिलिमीटर. माझ्या बोटांची अचूकता लक्षात घेता हे फार जवळ होतं.

‘‘साधा का हायटेन्सिल?’’

‘‘फरक काय?’’

‘‘हायटेन्सिल आपल्याकडे नाही.’’

‘‘मग साधा द्या.’’

बोल्टाची ताकद निवडण्याची माझी पहिली वेळ ही अशी पार पडली. नट आणि वायसर धरून एका चहाच्या पैशात.

बोल्ट भोकात सहज गेला. इतका सहज की आतल्या आत हलत होता. अर्ध्या मिलिमीटरचा तो खेळ मला दिसला. त्यावर मी एकावर एक तीन वायसर चढवले. त्या हलण्याशी वायसरांचा काडीचाही संबंध नव्हता, पण काहीतरी केल्याचं समाधान मिळालं. मग पान्याच्या दांड्यावर नळाच्या पाइपचा तुकडा चढवला आणि अंगातला जोर लावला. बोल्ट आवळत गेला, आणखी आवळला, आणि एकाएकी मऊ लागला. पाइप अलगद फिरला. ‘बसला एकदाचा’ असं म्हणत मी घाम पुसला. अकरावीच्या आलेखात सरळ चढणारी रेघ जिथे मान टाकून आडवी होते, ती जागा त्या क्षणी माझ्या तळहाताखालून गेली होती. आयुष्यभर शिकवलेला यील्ड पॉइंट प्रत्यक्ष भेटायला आला, आणि मी त्याला ओळख दिली नाही.

दिवाळी उलटली की आमच्या झाडीपट्टीत नाटकांचा हंगाम सुरू होतो. गावोगावी मांडव पडतात, वडसा-देसाईगंजच्या मंडळ्या रात्र रात्र नाटक करतात, आणि माणसं घोंगडी, सतरंजी, मुलंबाळं घेऊन उजाडेपर्यंत बसतात. लगामच्या पलीकडच्या एका गावात नाटक होतं. आमच्या शाळेचे मोठे सर आणि वहिनी यांना मी मोठेपणाने म्हणालो, ‘‘बसने कशाला, आपली गाडी आहे ना.’’ या वाक्यातल्या ‘आपली’ या शब्दावर मोठे सर पुढे बरेच दिवस हरकत घेत होते.

पुढे मी आणि सर, मागे सौ. आणि वहिनी, दोघींच्या मांडीवर चकल्यांचा डबा आणि थर्मास. दोन्ही बाजूंना सागाची झाडं, वर चांदणं. सर इतिहासाचे; ते अहेरीच्या राजघराण्याबद्दल काहीतरी रंगवून सांगत होते. तेवढ्यात बॉनेटखाली ‘टण्’ झालं. पाठोपाठ डॅशबोर्डवर बॅटरीचा लाल दिवा लागला.

‘‘हे काय?’’ सरांनी विचारलं.

‘‘हे नॉर्मल आहे.’’

थोड्याच अंतरात हेडलाइट पिवळे पडले आणि पाण्याच्या तापमानाचा काटा वर सरकू लागला. बोल्ट तुटला होता. अल्टरनेटर लोंबकळत होता, बेल्ट उतरला होता, पाण्याचा पंप थांबला होता. बॉनेटच्या फटीतून पांढरे लोट येऊ लागले.

‘‘धूरही नॉर्मल का?’’

‘‘तो धूर नाही सर, वाफ आहे,’’ मी म्हणालो. शास्त्रीयदृष्ट्या मी बरोबर होतो. त्या रात्रीत मी एवढ्याच एका गोष्टीत बरोबर होतो.

गाडी थांबली. दिवे विझवले तशी जंगलाची किरकिर वाढली. सरांनी खिडकीची काच हळूच वर केली. आमच्याकडे रात्री जंगलात वाघाचं नाव कोणी घेत नाही; त्यामुळे आम्ही चौघेही त्याचं नाव न घेता फक्त त्याचाच विचार करत होतो. वहिनींनी कोणी न मागता चकल्या वाटल्या. मी बाहेर उतरून मोबाइलच्या उजेडात इंजिन पाहिलं. त्यात काही कळण्यासारखं नव्हतं, पण गाडी बंद पडल्यावर पुरुषाने बॉनेट उघडून पाहायचं असतं, असा आपल्याकडे शिष्टाचार आहे.

मागून ट्रॅक्टर आला. ट्रॉलीत नाटकाला निघालेली वीसेक माणसं, आणि स्टिअरिंगवर आमच्या शेजारचे दादा. दादांचे वडील पूर्व पाकिस्तानातून आलेले. सुंदरनगर, विवेकानंदपूर ही मुलचेऱ्याच्या आसपासची गावं अशाच बंगाली कुटुंबांनी वसलेली आहेत. दादा धान पिकवतात, तळ्यात मासे सोडतात, घरात बंगाली आणि बाहेर झाडीची मराठी बोलतात, आणि मला ‘मास्टारमोशाय’ म्हणतात. बंगाल्यांत शिक्षकाला हा मान आहे. तो ऐकला की माझ्या पाठीचा कणा सरळ होतो, आणि ते माझ्या किती नुकसानीचं ठरणार होतं ते पुढे येईलच.

‘‘मास्टारमोशाय, काय झालं?’’

‘‘बोल्ट गेला.’’

‘‘कुठे गेला?’’

त्यांनी आणखी काही न विचारता दोर काढला. मोठे सर आणि वहिनी ट्रॉलीत चढले. सरांना तिथे मानाची जागा मिळाली. सौ.सुद्धा ट्रॉलीत गेली. दोराने ओढली जाणारी गाडी सांभाळायला मी एकटा स्टिअरिंगवर उरलो. दादांना नाटक चुकवायचं नव्हतं, त्यामुळे आम्ही परत न फिरता तसेच पुढे निघालो. दुसरा अंक रंगात आला होता. नायिका सासरच्या छळाबद्दल हुंदके देत होती, बायका पदर डोळ्यांना लावून बसल्या होत्या, आणि त्या शांततेत ट्रॅक्टर धडधडत मांडवाशेजारी आला. त्याच्या मागे दोराला बांधलेली पांढरी गाडी, आणि गाडीत मी. माझ्या अकरावीचा निम्मा वर्ग तिसऱ्या रांगेत होता. नायिकेला त्या रात्री पुन्हा लक्ष वेधून घ्यायला बराच वेळ लागला.

दुसऱ्या दिवशी मिस्त्रीने बोल्टाचा उरलेला तुकडा चिमटीत धरून डोळ्यांसमोर नेला.

‘‘सर, हा कायचा बोल्ट हाय?’’

‘‘अल्टरनेटरचा.’’

‘‘नाई. हा पलंगाचा हाय.’’ त्याने डोकं माझ्याकडे वळवलं, बोल्टाचं. ‘‘याच्या डोक्यात काईच नाई, पाहा.’’ आजूबाजूला उभ्या असलेल्या दोन विद्यार्थ्यांनी हे वाक्य ऐकलं आणि एकमेकांकडे पाहिलं.

मग त्याने डब्यातून दुसरा बोल्ट काढला. त्याच्या डोक्यावर कंपनीची खूण होती आणि ८.८ असा आकडा. आणखी एकावर १०.९. मिस्त्री सातवीपर्यंत शिकलेला. हे आकडे काय सांगतात ते त्याला मापात नव्हे, अनुभवात ठाऊक होतं. ‘‘आठ-आठ गाडीले, दहा-नऊ जिथं जीव अडकला हाय तिथं, आन् बिनआकड्याचा पलंगाले.’’

घरी येऊन मी पुस्तकं उघडली. आयएस १३६७ या भारतीय मानकात सगळं लख्ख दिलेलं आहे. दशांशचिन्हाआधीच्या आकड्याला शंभराने गुणलं की बोल्ट किती ताणाला तुटतो ते येतं: ८.८ असेल तर दर चौरस मिलिमीटरला ८०० न्यूटन. नंतरचा आकडा म्हणजे त्यातल्या किती हिश्शापर्यंत तो ताणून परत मूळ जागी येईल: दशांश आठ, म्हणजे ६४० न्यूटन. दहा मिलिमीटरच्या बोल्टाचं आट्यांमधलं कामाचं क्षेत्रफळ ५८ चौरस मिलिमीटर. गुणाकार केला तर ८.८ चा बोल्ट पावणेचार टनांपर्यंत ताण सहन करून परत येतो. माझा पलंगाचा बोल्ट ४.६ चा धरला, आणि तसं धरणं हा त्याचा गौरवच आहे, तर तो १.४ टनाला हात टेकतो.

पुढचा हिशेब अधिक लाजिरवाणा होता. अर्धा मीटर लांबीच्या पाइपवर तीस किलोचा जोर म्हणजे दीडशे न्यूटन-मीटर. यातला बहुतेक जोर बोल्टाच्या डोक्याखालच्या आणि आट्यांमधल्या घर्षणात जातो. दहाएक टक्केच बोल्ट ताणायला उरतात. तेवढ्यानेही दहाच्या बोल्टात साडेसात टन ताण आला असता. ८.८ च्या दहाच्या बोल्टाला पन्नासच्या आत-बाहेर न्यूटन-मीटर पुरतात. बोल्ट हा खरं म्हणजे स्प्रिंग आहे: आवळताना तो किंचित लांबतो, आखडायला पाहतो, आणि त्या आखडण्याने दोन भाग एकमेकांवर दाबून धरतो. दाब पक्का असला की भाग घसरत नाहीत आणि बोल्टाच्या अंगावर धक्के येत नाहीत. मी त्याला लांबवून लांबवून अशा जागी नेलं होतं जिथून आखडणं त्याच्या हातात राहिलं नाही. दाब गेला, अल्टरनेटर त्या अर्ध्या मिलिमीटरमध्ये ठोके देत बसला, आणि लगामपाशी बोल्टाने प्राण सोडला. हे सगळं मी नंतर वर्गात उदाहरण म्हणून घेतलं. ‘एका माणसाने’ अशी सुरुवात केली. मागच्या बाकावरून आवाज आला, ‘‘सर, त्या माणसाचं नाटक पाहिलं आम्ही.’’

स्टाफरूममध्ये माझी बाजू मांडण्यासाठी मी थेट विलायतेला गेलो. १० जून १९९०. ब्रिटिश एअरवेजचं विमान बर्मिंगहॅमहून मालागाला निघालं. वर चढत असताना कॉकपिटची एक काच निखळून उडाली आणि कॅप्टन कमरेपर्यंत विमानाबाहेर ओढला गेला. सहकाऱ्यांनी त्याचे पाय घट्ट धरून ठेवले आणि सहवैमानिकाने विमान साउदॅम्प्टनला उतरवलं. कॅप्टन वाचला, पुढे पुन्हा उडूही लागला. कारण काय निघालं? काच आदल्या दिवशीच्या रात्रपाळीत बदलली होती. ९० पैकी ८४ बोल्ट जाडीला कमी, उरलेले सहा लांबीला कमी. बसवणाऱ्याने जुना बोल्ट हातात धरून नव्याशी नजरेने जुळवला होता. जाडीतला फरक अर्ध्या मिलिमीटरहून जरा जास्त. ‘‘म्हणजे माझी चूक त्यांच्याहून लहान,’’ मी म्हणालो. मोठे सर वर्तमानपत्रातून वर न पाहता म्हणाले, ‘‘त्यांना ट्रॅक्टरने ओढावं लागलं नाही.’’

हिवाळ्यात नाली आटली आणि मुलांनी माझा मूळ बोल्ट शोधून आणला. त्याच्या डोक्यावर ७ होता. सात म्हणजे ८.८ पेक्षा कमी, म्हणून मी त्याला तुच्छतेने खिडकीत ठेवला. पुढे कळलं की जुन्या जपानी पद्धतीत सात म्हणजे दर चौरस मिलिमीटरला सत्तर किलो, तो ८.८ च्या शेजारीच बसणारा होता. धुऊन, तेल लावून परत बसवला असता तर गोष्ट इथेच संपली असती. पण तोवर मला ताकदीची चटक लागली होती.

आधी स्टेनलेस झालं. चकचकीत, न गंजणारं, दिसायलाच बलवान. मुलचेऱ्याच्या पावसात न गंजणं हा मोठा गुण आहे. बाजारातल्या नेहमीच्या स्टेनलेस बोल्टावर ए२-७० असं कोरलेलं असतं, म्हणजे तुटायला ७०० न्यूटन, पण ताणून कायमचा लांब व्हायला ४५० पुरेत. ८.८ पेक्षा तो चांगलाच मवाळ निघाला. ही गणितं मी खरेदीनंतर केली. दुसरा गुण आवळताना समजला: स्टेनलेसच्या बोल्टावर स्टेनलेसचा नट कोरडाच फिरवला तर दोघांचे आटे एकमेकांना चिकटतात. अर्ध्यावर गेलेला नट ना पुढे जाईना ना मागे येईना. मिस्त्रीने हॅकसॉ आणला. कापताना तो गुणगुणत होता.

मग चंद्रपूर. तिथे कोळशाच्या खाणी, वीज केंद्र. त्यांच्या यंत्रांना लागणारा भारी माल विकणारी दुकानं. एका दुकानात काळ्या कुळकुळीत अ‍ॅलन बोल्टांचा डबा होता आणि प्रत्येकाच्या डोक्यावर १२.९. दर चौरस मिलिमीटरला १२०० न्यूटन! दहाचा एक बोल्ट सात टन पेलतो. माझी संपूर्ण गाडी, चौघं प्रवासी, चकल्यांचा डबा धरूनही टनभर भरत नाही. मी मूठभर घेतले. दुकानदाराने विचारलं, ‘‘कशाला लावायचेत?’’ मी म्हणालो, ‘‘सगळ्याला.’’

आणि लावले. अल्टरनेटरला लावला. नंबर प्लेटला लावले, त्यामुळे माझी नंबर प्लेट भूकंपात टिकेल. वरच्या कॅरिअरला लावले, सौ.च्या शिलाई मशीनच्या पायाला लावला, प्रयोगशाळेतल्या डुगडुगत्या टेबलाला लावले. टेबल त्यानंतरही डुगडुगत राहिलं, कारण त्याचा पाय आखूड होता. गावात मला ‘बारा-नऊचे सर’ म्हणू लागले. मी ते कौतुक समजलो.

पहिल्या पावसात काळे बोल्ट तांबूस दिसू लागले. मी त्यांना जस्ताचा मुलामा द्यायचं ठरवलं. मिस्त्री म्हणाला, ‘‘सर, तसं करू नोका. एवढ्या कडक बोल्टाले पाणी देतलं का थो कडकड तुटते.’’ मी त्याला समजावलं की मुलाम्याचा थर मिलिमीटरच्या शंभराव्या भागाइतका असतो आणि आतल्या पोलादाला त्याचा पत्ताही लागत नाही. चंद्रपुरात मुलामा देऊन घेतला, कॅरिअरला परत बसवले. त्या रात्री अंगणात ‘टक्’ आवाज आला. सौ. म्हणाली, काहीतरी पडलं. सकाळी पाहतो तर एका बोल्टाचं डोकं फरशीवर आणि धड कॅरिअरमध्ये. गाडी रात्रभर उभी होती. तिला कोणी हातही लावला नव्हता. अ‍ॅसिडात धुताना आणि मुलामा चढवताना निघणारा हायड्रोजन अतिकडक पोलादात शिरतो, आणि बोल्ट ताणात राहिला की काही तासांनी किंवा दोन दिवसांनी तो काचेसारखा तडकतो. मुलाम्यानंतर लगेच भट्टीत कित्येक तास तापवून तो हायड्रोजन घालवावा लागतो. हे माझ्याकडच्या पुस्तकात होतं. मिस्त्रीकडे पुस्तक नव्हतं.

एवढ्यावर शहाणा माणूस थांबला असता. पण दादांच्या उपकाराची फेड माझ्या डोक्यावर होती.

पावसाळ्यात धानाची चिखलणी सुरू झाली. दादांनी त्या वर्षी कडेची एक पट्टी नव्याने बांधीत घेतली होती; आत जुन्या झाडांचे खुंट राहिले होते. ट्रॅक्टरमागचा रोटाव्हेटर खुंटाला अडला की शाफ्टवरचा एक बोल्ट तुटायचा, पाती थांबायची, दादा उतरून नवा बोल्ट घालायचे, पुन्हा चालू. दुपारपर्यंत त्यांच्या खिशातले बोल्ट संपले. मी धुऱ्यावर छत्री घेऊन उभा होतो. वैतागून ते म्हणाले, ‘‘मास्टारमोशाय, हा बोल्ट सारखा तुटते. आज रोवणीच्या बाया थांबून राहिल्या.’’

मास्टारमोशाय म्हटल्यावर माझ्या पाठीचा कणा सरळ झाला. मी घरी गेलो, खिशात काळा ठिक्कर, मुलामा न दिलेला १२.९ घालून आलो आणि तो दादांच्या तळहातावर ठेवला. दादांनी शाफ्टच्या आच्छादनावरचा फिकट स्टिकर दाखवला. ‘‘कंपनीने आठ-आठ लिहिलं हाय.’’

‘‘कंपनी स्वस्तातला देते,’’ मी म्हणालो. ‘‘हा त्याच्या दीडपट.’’

यातलं दुसरं वाक्य खरं होतं. बोल्ट बसवला. पुढचा तासभर माझ्या आयुष्यातला सगळ्यात यशस्वी तास होता. रोटाव्हेटर थांबेना. खुंटांना घासत, उडत, चिखल उडवत दादा पट्टी कापत गेले. बाया टाळ्या वाजवत होत्या. त्यांच्यात माझ्या वर्गातल्या दोन मुलीही होत्या; त्यांच्याकडे पाहून मी मान हलवली, फळ्यावर गणित सुटल्यावर हलवतो तशी.

मग एक जाड खुंट लागला. ट्रॅक्टर घुमला, पुढची चाकं वर आली, आणि चिखलातून असा आवाज आला की धुऱ्यावरचे बगळे उठले. पाती थांबली. शाफ्ट मात्र मोकळा फिरत राहिला.

मिस्त्री सायकलने आला. चिखलात बसून त्याने गिअरबॉक्सचं झाकण काढलं, आत हात घातला आणि पितळी वाटीत एकेक दात काढून ठेवू लागला. तो बोल्ट तिथे तुटण्यासाठीच होता. खुंट अडला की आठ-आठ तुटतो, जोर तिथेच संपतो, थोडक्यात सुटका होते. मी दीडपट ताकदीचा दिला. तो जागचा हलला नाही, म्हणून जोर पुढे गेला, आणि पुढे गिअरबॉक्स होता. मिस्त्रीने शेवटी माझा बोल्ट काढला, पावसाच्या पाण्यात धुतला आणि अंगठ्याने पुसून मला दिला.

‘‘बोल्ट ठणठणीत हाय, सर. एक वरखडा नाई.’’

दादा काही बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं. दुसऱ्याचा रोटाव्हेटर भाड्याने आणून त्यांनी रोवणी उरकली. गिअरबॉक्सचे पैसे मी देतो म्हणालो, ते घेईनात. बंगाली घरात शिक्षकाकडून दंड घ्यायची रीत नाही, असं काहीसं म्हणाले. मी हट्ट धरला. सौ. म्हणाली, ‘‘निदान यांच्याकडचे बारा-नऊ तरी जप्त करा.’’ त्यावर दादांच्या पत्नी पहिल्यांदा हसल्या, आणि तडजोड ठरली: निम्मे पैसे मी द्यायचे, आणि पुढच्या पावसाळ्यापासून रोटाव्हेटर चालू असेल तेव्हा धुऱ्यावर आठ-आठचे बोल्ट घेऊन मीच बसायचं. तुटला की मीच उतरायचं, मीच घालायचा.

तो करार मी पाळतो आहे. रविवारी, धानाच्या बांधीत, पँट गुडघ्यापर्यंत दुमडून. खुंट अजून पुष्कळ शिल्लक आहेत. पहिल्या दिवशी बोल्ट तुटला, दादांनी हाक मारली, मी चिखलात उतरलो. धुऱ्यावर अकरावीतला एक मुलगा रोपांच्या पेंढ्या घेऊन उभा होता. त्याला मी हात पुढे करून म्हटलं, ‘‘तो सतरा नंबर पाना दे.’’

‘‘सर, सोळा लागते.’’

‘‘सतराच. मी मोजलाय.’’

त्याने सतरा दिला. तो बोल्टाच्या डोक्यावर सैल डुगडुगला. मी काही न बोलता हात पुन्हा पुढे केला. तोवर सोळा त्याने पुसून तयार ठेवला होता.